वेळास की मालवण? माझं मत

दोन्ही कोकणातलेच किनारे, पण स्वभाव एकदम वेगळे. वेळास म्हणजे मंडणगड तालुक्यातलं छोटंसं गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव, आणि इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास संवर्धन सुरू केलं, मग गावकऱ्यांनीच ते उचलून धरलं. ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात, ती वाळूवरून सरकताना बघणं हे खरंच भारी वाटतं बरं का. जवळच सावित्रीच्या मुखावर बाणकोट किल्ला पण आहे.

मालवणला मात्र इतिहास भरभक्कम. कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग, १६६४ ला शिवाजी महाराजांनी काम सुरू केलं, आत महाराजांचं मंदिर आणि चारी बाजूंनी खारं पाणी असून गोड्या पाण्याच्या विहिरी! शिवाय पाण्याखाली प्रवाळ आहेत, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे एका बाजूला खाडी दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी.

पहिल्यांदाच जाणार असाल तर मालवणच करा, बघायला खूप आहे. पण मार्चमध्ये लहान मुलं घेऊन जायचं असेल तर मी डोळे झाकून वेळास सांगेन, फक्त निघण्याआधी पिल्लं कधी निघतायत ते गावात फोन करून विचारा. पावसाळ्यात मालवणला जाऊ नका, सिंधुदुर्गच्या होड्या बंद असतात.