प्राइम टाइम, पेपर, आकाशवाणी की यूट्यूब?

‘नॅशनल चॅनल बघणं सोडलं, पण मग बातम्या घ्यायच्या कुठून?’ असं हल्ली बरेच जण विचारतात. बहुतेकांचा राग पक्षपातावर असतो. मला तो दुय्यम वाटतो. अँकर कुणाची तळी उचलतोय हे दोन दिवसांत कळतं, आणि कळलं की त्याचं निम्मं बोलणं वजा करून ऐकता येतं. पण जी बातमी दाखवलीच नाही, ती राहून गेली हेही आपल्याला कळत नाही. म्हणून इथं निष्पक्ष कोण हे शोधलेलं नाही. काय गाळलं जातं आणि चुकलं तर दाद कुठं मागायची, एवढंच पाहिलंय.

आधी हिंदी-इंग्रजी वाहिन्या. ऑगस्ट २०१९ आठवा. सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं, ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटून माणसं गेली. त्याच आठवड्यात जम्मू-काश्मीरच्या कलम ३७० चा निर्णय झाला होता. ती बातमी मोठीच, वाद नाही. पण चोवीस तास चालणाऱ्या वाहिनीला एका वेळी दोन मोठ्या बातम्या झेपू नयेत? २०२० मध्ये तर कहर झाला. एप्रिल-जून तिमाहीत जीडीपी २३.९ टक्क्यांनी घसरल्याचा आकडा ३१ ऑगस्टला आला. २० सप्टेंबरला राज्यसभेत कृषी विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर झाली. आणि त्या महिन्यात रोज संध्याकाळी काय चाललं होतं? सुशांतसिंह राजपूत प्रकरणातले व्हॉट्सॲप चॅट मोठमोठ्यानं वाचून दाखवणं. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या मीडिया ट्रायलवर ताशेरे ओढले, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

यामागं विचारधारा असते तसा हिशेबही असतो. पुराच्या गावात बातमीदार, कॅमेरामन आणि गाडी पाठवायला पैसे लागतात. सहा चौकटींत सहा जणांना भांडायला बसवणं त्याहून कितीतरी स्वस्त. सगळं खापर टीआरपीवर फोडू नका. ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ वृत्तवाहिन्यांचं रेटिंग बंदच होतं. त्या काळात आरडाओरडा कमी झाल्याचं मला तरी आठवत नाही. घाई वेगळीच. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगून टाकलं. तसं काही झालंच नव्हतं.

पेपरचा मोठा फायदा म्हणजे त्याचा अग्रक्रम उघडा पडतो. कुठली बातमी पहिल्या पानावर आठ कॉलमी आणि कुठली सातव्या पानावर कोपऱ्यात, हे समोर दिसतं. कोपऱ्यातली का होईना, ती असते. दोन पेपर शेजारी ठेवले की कुणी काय दाबलं हे पाच मिनिटांत कळतं. म्हणून पेपर सोवळा आहे असं नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच राज्यात एका नेत्याची स्तुती शब्दशः तशीच, वेगवेगळ्या पेपरांत वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावानं छापून आली होती. ‘पेड न्यूज’चा सगळा गदारोळ तिथून वाढला. जिल्हा आवृत्त्यांचीही एक अडचण आहे: शेजारच्या जिल्ह्यात काय चाललंय याचा पत्ता लागत नाही.

आकाशवाणी मोजकं सांगते, शांतपणे सांगते. सरकारवर टीका मात्र तिथं शोधू नका. ती चालवणाऱ्या प्रसार भारतीची स्वायत्तता कायद्यात आहे, पैसा सरकारचा आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नसल्यानं रेडिओवर दुसरा पर्याय नाही.

यूट्यूबवर काही पत्रकार खरोखर चांगलं काम करतात. एकच विषय तासभर उलगडून सांगणं वाहिनीला जमत नाही, ते इथं जमतं. पण यातलं बरंचसं भाष्य असतं, बातमी दुसऱ्याचीच असते. शिवाय तुम्ही सरकारविरोधी दोन व्हिडिओ पाहिलेत की तिसरा तसाच समोर येतो, समर्थकांचंही तेच. गाळण्याचं काम इथं तुमच्याच आवडीकडून करून घेतलं जातं.

रोज अर्धा तासच मिळत असेल तर एक मराठी पेपर लावा आणि दुसरा, शक्यतो वेगळ्या मालकाचा, नेटवर चाळा. स्पर्धा परीक्षावाल्यांना यात आकाशवाणी जोडता येईल. यूट्यूब रविवारी, एखाद्या विषयापुरतं. वाहिनी फक्त थेट प्रक्षेपणासाठी: मतमोजणी, अर्थसंकल्प, संसद. चर्चा सुरू झाली की बंद.

तक्रारीचं म्हणाल तर वाहिनीला प्रक्षेपणापासून ७ दिवसांत लिहावं लागतं, मग एनबीडीएसएकडे, म्हणजे वृत्तवाहिन्यांच्याच संघटनेच्या तक्रार मंडळाकडे जाता येतं. त्याचा अधिकार सभासद वाहिन्यांपुरताच आणि २०२३ मध्ये दंड जास्तीत जास्त १ लाख रुपये होता. ही रक्कम फारच तोकडी असल्याचं सर्वोच्च न्यायालयानंही त्या वर्षी सुनावलं. पेपरबाबत आधी संपादकाला आणि मग प्रेस कौन्सिलला. ती कानउघाडणी करते, दंड करू शकत नाही. एकट्यानं चालवलेल्या यूट्यूब चॅनलचं काही खटकलं तर व्यवहारात कमेंट लिहिणंच हाती उरतं, तीही त्यानं उडवली नाही तर.