किलिमांजारो, २६ जानेवारी आणि न पोहोचलेली देणगी

नाशिकच्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक आवाहन फिरतंय. १५ ऑगस्टला रशियातल्या एल्ब्रुस शिखरावर तिरंगा, आणि त्यानिमित्ताने एका वृद्धाश्रमाला मदत. पैसे पाठवण्याआधी याच गिर्यारोहकाच्या मागच्या मोहिमेत आमचं काय झालं ते वाचा. नाव लिहीत नाही, तक्रार चौकशीत आहे.

मुलगा आमच्याच भागातला. हरिहर, कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग सगळं पालथं घातलेला, काटक, बोलायला गोड. गेल्या हिवाळ्यात त्याचा मेसेज आला: २६ जानेवारीला आफ्रिकेतलं किलिमांजारो शिखर सर करणार आणि दिव्यांग मुलांच्या एका निवासी शाळेसाठी निधी उभारणार. शिखराची उंची ५८९५ मीटर, म्हणून मीटरला एक रुपया, एकूण ५८९५ रुपये. कल्पना झकास होती. रक्कम अशी की नोकरदार माणूस फार विचार न करता देऊन टाकतो. बॅनरवर शाळेच्या व्हरांड्यात मुलांच्या मधोमध बसलेला त्याचा फोटो आणि खाली क्यूआर कोड.

कोड स्कॅन केला की नाव त्याचंच यायचं. मी विचारलंही. “काका, शाळेच्या खात्याला यूपीआय नाही. मी परत आलो की एकरकमी चेक देणार आहे, तुम्हीच या द्यायला.” उत्तर तयार होतं.

तो गेला, आणि चढलाही. गोम इथेच आहे. २०१६ साली पुणे पोलिसांतल्या एका दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला होता. फोटो बनावट निघाले, नेपाळने दहा वर्षांची बंदी घातली, पुढे नोकरीही गेली. तेव्हापासून आपण डोंगरवाल्यांची पारख एकाच गोष्टीवर करतो, शिखरावर गेला की नाही. इथे उहुरू शिखराच्या, म्हणजे किलिमांजारोच्या सर्वोच्च टोकाच्या, पाटीजवळचा व्हिडिओ होता, टांझानियाच्या राष्ट्रीय उद्यानाचं प्रमाणपत्र होतं. सगळं अस्सल. परतल्यावर हॉल घेऊन सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, आम्ही टाळ्या वाजवल्या. चेकचा विषय निघालाच नाही.

निघाला तो जूनमध्ये, रिटर्न भरताना. मी अजून जुन्या करप्रणालीत आहे, त्यामुळे देणगीवर ८०जी कलमाची करवजावट मिळते. सीए म्हणाला, देणगीचं १०बीई प्रमाणपत्र आणा. ८०जी ची मान्यता असलेल्या संस्थेला देणगीदारांची यादी आयकर खात्याला कळवावी लागते आणि ३१ मेपर्यंत प्रत्येकाला हे प्रमाणपत्र द्यावं लागतं. मी सरळ शाळेत फोन लावला. ऑफिसमधल्या बाई आधी गोंधळल्याच. “कोण, ते डोंगरवाले सर? एकदा आले होते. वह्या आणि खाऊ वाटला, फोटो काढले. पैसे? नाही हो, आम्ही कुणाला पैसे गोळा करायला सांगितलंच नव्हतं.”

त्याला गाठलं तर जराही न बिचकता त्याने मोबाइलवर हिशेब पाठवला. विमान, तिथल्या एजन्सीचं बिल, पिवळ्या तापाची लस, डाउन जॅकेट, बूट, गाइड-हमालांची टिप, ‘प्रसिद्धी व बॅनर’, ‘सत्कार समारंभ हॉल भाडे’. म्हणजे आम्ही टाळ्या वाजवल्या तो हॉलही शाळेच्या नावाने जमवलेल्या पैशांतूनच! शेवटून दुसऱ्या ओळीत ‘शाळेस साहित्य’. शेवटची ओळ, शिल्लक निरंक. “काका, खर्च वजा जाता उरलं असतं तर दिलंच असतं. मी वर गेलोय ना? खोटं काय आहे त्यात?”

पोलीस चौकीतल्या हवालदारांनीही हाच प्रश्न विचारला, “पण तो चढला ना?”

किलिमांजारोला दोर लावून चढावं लागत नाही, पण गाइड सक्तीचा आहे, सामान हमाल वाहतात, स्वयंपाकी सोबत असतो. एजन्सीच दीड-दोन हजार डॉलर किंवा त्याहून जास्त घेते, विमानभाडं वेगळं. साधी नोकरी करणारा मुलगा हे कुठून आणतोय, हा प्रश्न देणगी देण्याआधी बेलाशक विचारावा. त्यात कसला संकोच? खर्चासाठी प्रायोजक शोधणं गैर नाही. ‘माझ्या मोहिमेला मदत करा’ असं त्याने लिहिलं असतं तर आमच्यातल्या काहींनी तरीही दिले असते. ब्रिटनमध्ये अशा मोहिमांत कधी गिर्यारोहक स्वतःचा खर्च स्वतः करतो, कधी जमलेल्या निधीतला काही भाग प्रवासावर जातो, पण मग ते देणाऱ्याला आधी सांगायचं असतं. आपल्याकडे मुंबई मॅरेथॉनमध्येही धावणाऱ्याच्या नावाने देणगी जमते, पण ती त्याच्या खात्यात जात नाही.

एल्ब्रुसवाल्याला किंवा दुसऱ्या कुणालाही पैसे द्यायचे असतील तर आधी त्या संस्थेत फोन करा, नंबर बॅनरवरचा नको, स्वतः शोधलेला. देणगी संस्थेच्याच खात्यात भरा आणि पावती तिचीच घ्या. ८०जी ची मान्यता आयकराच्या पोर्टलवर पाहता येते. गल्लीतल्या गणेश मंडळालाही वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून ४१क ची परवानगी काढावी लागते. डोंगर चढणाऱ्याकडे ती आहे का, हे विचारायला काय हरकत आहे?

मी सह धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आणि पोलिसांत लेखी अर्ज दिलेत. त्या वेळी ज्यांनी ५८९५ रुपये भरले त्यांनी यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि मूळ आवाहनाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. जुने मेसेज ग्रुपवरून डिलीट व्हायला लागलेत.