केळीला इच्छा नसते : दोन गाइडांबद्दल

नातीसाठी जळगावहून दोन गाइडं आणली. डाव्या पानावर मूळ इंग्रजी, उजव्या पानावर मराठी अर्थ. एक जेन ऑस्टिनबाईंच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीचं, दुसरं चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल' या गोष्टीचं. दोन्हीचे मिळून 340 रुपये. प्रकाशकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हा माल एकाच दुकानातला नसावा अशी शंका आहे.

आधी चांगलं सांगतो. अक्षर मोठं आहे, चष्मा न बदलता वाचता येतं. शिलाई पक्की. सुरुवातीला कोण कोणाचं कोण लागतं याचा तक्ता दिलाय, तो फार उपयोगी. ऑस्टिनबाईंच्या पाच बेनेट बहिणींत माझा दोनदा घोटाळा झाला होता.

आता गाडी जिथं अडली ते. मी 31 वर्षं एसटीत कंडक्टर होतो. तिकिटं आणि रोकड जुळल्याशिवाय डेपोतून घरी यायचं नाही, ही सवय वाचतानाही सुटत नाही. ऑस्टिनबाईंच्या पहिल्याच वाक्याला हिशेब चुकला. पैसेवाल्या अविवाहित पुरुषाबद्दल मुळात म्हटलंय की तो 'इन वॉन्ट ऑफ अ वाइफ' असणारच, म्हणजे त्याच्याकडं बायकोची कमी असणारच. गाइड म्हणतं, 'त्याला पत्नीची इच्छा असते.' त्याला इच्छा आहे असं कोण म्हणालं? तो बिंगले, म्हणजे गोष्टीतला पैसेवाला पुरुष, अजून गावात आलेलासुद्धा नाही. वर्षाला चार-पाच हजार पौंड उत्पन्न, एवढं कळल्यावर त्या पाच बहिणींच्या आईनं, बेनेटबाईंनी, ठरवून टाकलं की याच्या घरात बायकोची उणीव आहे. आमच्या गल्लीत अगदी हेच चालतं. कोणाच्या पोराला नोकरी लागली की ओट्यावर बायका याद्या काढायला बसतात. माझी बायको परवा त्यांना म्हणाली, "पोऱ्याले बायको जोयजे का नई, हाई कोणी इचारस का?"

गंमत अशी की त्याच प्रकरणात, थोडं खाली, हाच 'वॉन्ट' वेगळ्या अर्थानं येतो. बेनेटबाई नवऱ्याला विचारतात, घर कोणी भाड्यानं घेतलं हे तुम्हाला जाणून घ्यायचं नाही का? ते म्हणतात, तुला सांगायचंय ना, मग माझी ऐकायला हरकत नाही. इथं दोन्हीकडं इच्छाच, आणि गाइड बरोबर. म्हणजे 1813 साली दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. वाचनालयातल्या जाड इंग्रजी कोशात पाहिलं. शब्द मूळचा जुन्या नॉर्स भाषेतला, अर्थ 'कमी असणं'. 'इच्छा' हा अर्थ अठराव्या शतकात रुळला. 'वॉन्ट'चं मूळ आपल्या संस्कृत 'ऊन'च्या, म्हणजे 'उणे'च्या मुळाशी जाऊन भिडतं, हे वाचून मी चहा गार केला. जुने इंग्रज घड्याळाबद्दलही असंच बोलायचे, सहा व्हायला दहा मिनिटं 'वॉन्ट' करतात. आम्ही स्टँडवर काय म्हणायचो? 'सहाला दहा कमी.'

राग याचा की भाषांतरकाराच्या हातात आयता शब्द होता. 'पाहिजे.' केळीला पाणी पाहिजे, म्हणजे केळीची इच्छा असते का? तिला लागतं, नसलं तर सुकते. आणि मला चहा पाहिजे, ही माझी तलफ. दोन्हीला एकच शब्द पुरतो. 'अशा माणसाला बायको पाहिजेच' एवढं लिहिलं असतं तर ऑस्टिनबाईंचा टोमणा मराठीत जशाच्या तसा उतरला असता. अहिराणीत 'जोयजे'नंही काम भागतं. पण नाही, कागदी मराठी हवी म्हणून 'पत्नीची इच्छा'.

डिकन्सच्या गाइडात तर कहर. 1843 सालचं पुस्तक. तिसऱ्या भागात भूत आपल्या झग्याखालून दोन पोरं काढून दाखवतं, पिवळी पडलेली, हाडकुळी, फाटक्या कपड्यातली. मुलगा म्हणजे अज्ञान, मुलगी म्हणजे 'वॉन्ट'. गाइडात छापलंय, 'ही मुलगी इच्छा आहे.' नातीला वाटलं मुलीचं नावच इच्छा! तिच्या वर्गात एक इच्छा आहे म्हणे. त्याआधी वर्गणी मागायला आलेले गृहस्थ गोष्टीतल्या कंजूष स्क्रूजला सांगतात की हजारो लोकांना रोजच्या गरजेच्या वस्तूही मिळत नाहीत, तिथंही तेच 'इन वॉन्ट ऑफ', आणि गाइडात तेच 'इच्छुक आहेत'. उपाशी माणसं इच्छुक! निवडणुकीच्या तिकिटाला इच्छुक असतात, भाकरीला नाही.

ऑस्टिनबाईंच्या 1811 च्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चं गाइड या मालिकेत नाही हे बरंच. त्यात एक आई एडवर्ड नावाच्या तरुणाला म्हणते, तुला धीर सोडून काही 'वॉन्ट' नाही. म्हणजे धीर तेवढा कमी आहे. इथं काय छापलं असतं देव जाणे.

परत करायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "आबा, परीक्षेत हेच लिहिलं तरी मार्क मिळतात." मार्क मिळत असतील. पाचपैकी दोन तारे, शिलाईचे आणि तक्त्याचे. ज्याला घ्यायचंय त्यानं डावं पान वाचावं, उजव्या पानावर कोऱ्या वहीचा कागद चिकटवावा. आमच्या प्रतीत पेन्सिलीनं 'इच्छा' खोडून नातीनं 'ददात' लिहिलंय. मी 'चणचण' सुचवलं होतं, तिनं ऐकलं नाही.