'अपघात' लिहावं की 'धडक'?

जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून मथळे दिले जातात तिथे, हा पेच रोज संध्याकाळी समोर येतो, पण कुणी तो पेच मानत नाही. वार्ताहराच्या बातमीवर 'भीषण अपघात' असं लिहिलेलं असतं. आपण 'भीषण' काढतो आणि 'अपघात' राहू देतो. मीही बारा वर्षं तेच केलं. आता जमेल तिथे 'धडक' लिहितो. डेस्कवर नव्याने आलेल्यांनी किंवा सोसायटीतर्फे पोलीस ठाण्याला अर्ज लिहिणाऱ्यांनी आपलं आपण ठरवावं. माझं कसं ठरलं तेवढं सांगतो.

'अपघात'च्या बाजूने आधी पैशाचं बोलू, कारण घरच्यांवर ती वेळ लगेच येते. भरपाई मागायची ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. शेतकऱ्याच्या वारसांना दोन लाख मिळतात तेही गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून. विम्याच्या अर्जातही हाच शब्द असतो. तिथे शहाणपणा करून दुसरा शब्द घालू नये, टेबलामागच्या माणसाला अर्ज परत करायला निमित्तच हवं असतं. शिवाय चूक कुणाची ते रात्री नऊ वाजता डेस्कवर बसून कळत नाही. 'अपघात' कुणाकडे बोट दाखवत नाही, म्हणून वकिलाची नोटीसही येत नाही. हा फायदा लहान नाही.

इंग्रजीत हा वाद जुना आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००१ मध्ये 'अॅक्सिडेंट' हा शब्द आपल्या पानांतून हद्दपार करायचं ठरवलं आणि ब्रिटनचे पोलीसही आता 'कोलिजन' म्हणतात. त्या शब्दात योगायोग दडलाय, ही त्यांची तक्रार. मराठीला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्या शब्दाच्या पोटात 'घात' आहे आणि घात कुणीतरी करावा लागतो. पण शब्द वापरून झिजतात. 'मी अपघातानेच राजकारणात आलो' म्हणणाऱ्या पुढाऱ्याच्या मनात घात नसतो, निदान स्वतःचा तरी.

कायद्यात मात्र गंमत आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १८, म्हणजे जुन्या दंड संहितेचं ८०, सांगतं की अपघाताने घडलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही. अट अशी की गुन्ह्याचा हेतू नको, काम कायदेशीर हवं आणि योग्य ती काळजी घेतलेली हवी. म्हणजे मोबाइलवर बोलत कुणाच्या अंगावर गाडी घालणाऱ्याला हा शब्द द्यायला कायदाच तयार नाही. त्याच्यासाठी कलम १०६ आहे. निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या ३०४-अ मध्ये दोनच होती. फिर्यादीची भाषा तर गुन्ह्यांच्या बातम्या बघणाऱ्या कुणालाही पाठ असते: 'हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने वाहन चालवून…' ठाणे अंमलदार एवढं लिहितो, आपण ते वाचतो आणि छापतो 'अपघात'. पुण्यात मे २०२४ च्या कल्याणीनगर प्रकरणात अल्पवयीन चालकाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता. विषय, रस्ते अपघात. लोक ३०० या आकड्यावर चिडले. मला विषयच खटकला.

'धडक' सगळीकडे बसत नाही, हे कबूल. गाडी एकटीच दरीत गेली तर ती 'कोसळली'च. शिवाय शब्द जरा रांगडा आहे, निधनवार्तेत तो कुणी घालणार नाही. पण त्याचा एक गुण माझ्या मते कमी लेखला जातो. तो फक्त दिसलं तेवढंच सांगतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ एका मोठ्या मालवाहू गाडीने बरीच वाहनं ठोकली. पहिल्या दिवशी 'ब्रेक निकामी झाल्याने अपघात' अशा बातम्या आल्या. पुढे उतारावर इंजिन बंद ठेवल्याचं तपासात पुढे आलं. 'गाडीची धडक' पहिल्या दिवशीही खरं होतं आणि नंतरही. 'बळी', 'खून' हे शब्द मी पाहिले आणि बाजूला ठेवले. ते मोर्च्याच्या फलकावर शोभतात.

खरं तर माझं ठरलं ते एका क्रियापदावरून.

मामा बाजार समितीच्या फाटकापाशी कडेला उभा होता. एक टेम्पो मागे बघायला कुणी नसताना रिव्हर्स आला. बातमी माझ्याच पानावर होती आणि सवयीने मथळा मीच दिला: 'टेम्पोच्या चाकाखाली सापडून वृद्धाचा मृत्यू'. तेराव्याला मामीने तो कागद पुढे केला. "सापडून म्हणजे काय रे? हे तर उभे होते. गाडी ह्यांच्यावर आली."

तेव्हापासून मला हेच दिसत राहतं. अपघात 'होतो', ताबा 'सुटतो', काळ 'घाला घालतो' आणि मेलेला माणूस 'सापडतो'. सगळ्या वाक्यात काही करणारा माणूस असेल तर तो मेलेलाच. चालकाला कर्त्याचं 'ने' लागतच नाही. बोलताना आपण असं करत नाही. 'पोराने गाडी ठोकली', 'ट्रकने उडवलं' असं सरळ म्हणतो, कर्त्यासकट. छापताना तो कुठे जातो कोण जाणे. 'धडक' लिहिलं की विचारावंच लागतं, कुणी दिली? दोष नंतर ठरू दे, वाहन तरी वाक्यात येतं. इतरांना हा फरक एवढा मोठा वाटेलच असं नाही. शिवाय एका कॉलमच्या मथळ्यात एक अक्षर वाचतं, ते वेगळंच.

मामाचा दावा अजून चालू आहे. मामेभाऊ प्रत्येक तारखेला जी फाइल नेतो तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'मोटार अपघात दावा' लिहिलंय. परवा तिचं जुनं कव्हर फाटलं म्हणून नवं घातलं, तेव्हा ती अक्षरं मीच लिहून दिली.