दोन वॉकी-टॉकी, आतून पाहिलेले

आमच्या शोध-बचाव गटाकडे १६ हँडसेट आहेत आणि त्यांची देखभाल माझ्याकडे असते. चार्जिंग, अँटेना बदलणं, पीटीटीचं, म्हणजे बोलताना दाबायच्या बटणाचं, रबर फाटलं की नवं बसवणं. बंद पडेल तो सेट उघडायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही, हीच इतकी वर्षं पद्धत होती. मग सप्टेंबर २०२४ मध्ये लेबनॉनमध्ये १७ तारखेला पेजर आणि १८ तारखेला वॉकी-टॉकी आत दडवलेल्या स्फोटकांनी फुटले. दोन दिवसांत ३० हून अधिक माणसं गेली, हजारो जखमी झाली. पुढच्या सरावाच्या वेळी गटातली सगळ्यांत लहान मुलगी सेट उलटासुलटा करत म्हणाली, "काका, याच्या आत काय आहे ते तुम्ही पाहिलंय?"

"बिघडलेल्यांच्या आत पाहिलंय."

"आणि चांगल्यांच्या?"

मी गप्प बसलो. हे परीक्षण त्या प्रश्नासाठी लिहितोय. रेंज किती, आवाज कसा, बॅटरी किती तास टिकते, हे इथे मिळणार नाही. सेट आतून कसा बांधलाय आणि मधल्या मध्ये कोणी उघडला असेल तर आपल्याला कळेल का, एवढंच पाहिलंय. आमच्याकडे दोन प्रकारचे सेट आहेत: एक साधा ५ वॉटचा अ‍ॅनालॉग, दुसरा आयपी६७ दर्जाचा डिजिटल. कंपन्यांची नावं देत नाही. हातातल्या काही नगांवरून कंपनीवर शिक्का मारणं योग्य नाही.

साधा सेट उघडायला पाच मिनिटं पुरली. बॅटरी काढली की पाठीवर खाली दोन स्क्रू. आवाजाची खुंटी वर ओढायची, अँटेनाच्या बुडाची आणि खुंटीखालची चकती सोडवायची, मग खालच्या बाजूने हलकेच उचकलं की बोर्डासकट आख्खा सांगाडा बाहेर येतो. इथे घाई करू नका, स्पीकरच्या दोन बारीक तारा पुढच्या कव्हरला अडकलेल्या असतात.

आतली बांधणी मला मनापासून आवडली. ओतीव धातूच्या सांगाड्यावर बोर्ड घट्ट बसवलाय. हा सांगाडा नुसता आधार नाही, प्रक्षेपणाच्या वेळी पॉवर ट्रान्झिस्टर तापतो त्याची उष्णता तोच ओढून घेतो. म्हणून त्या दोघांमध्ये पांढऱ्या पेस्टचा थर असतो. रेडिओची जवळजवळ सगळी कामं एका नखाएवढ्या चिपमध्ये होतात, तिच्यावर पत्र्याची टोपी. शेजारी क्रिस्टल, कडेला माइक, वर टॉर्चचा दिवा. प्रत्येक वस्तूचं काम बोट ठेवून सांगता येतं, आणि तपासणीच्या दृष्टीने यासारखी चांगली गोष्ट नाही. ज्याचं काम सांगता येत नाही असं काही दिसलं तर ते लगेच डोळ्यांत भरतं.

मी सहा साधे सेट ओळीने उघडून ठेवले आणि एकमेकांशी ताडून पाहिले. कारखान्यातल्या मशीनवरचे सोल्डरचे टाके सगळे एकसारखे दिसतात: सपाट, एकाच चकाकीचे. हाताने मारलेला टाका जरा फुगीर असतो आणि त्याच्या आजूबाजूला फ्लक्सचा, म्हणजे टाका नीट धरावा म्हणून लावायच्या रसायनाचा, पिवळसर डाग राहतो. एका सेटच्या स्पीकरच्या तारेवर असा डाग सापडला आणि छातीत धस्स झालं. दुरुस्तीची वही काढली, तो टाका माझाच होता, दोन वर्षांपूर्वीचा. वही नसती तर तो सेट मी बाजूलाच काढला असता. ज्याच्याकडे चारपेक्षा जास्त सेट असतील त्याने दुरुस्तीची नोंद ठेवलीच पाहिजे.

आता उणी बाजू. सेट कोणी उघडला होता का, हे बाहेरून कळायची या साध्या सेटमध्ये काहीही सोय नाही. स्क्रूवर रंग नाही, सील नाही. नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरने उघडतो आणि तसाच बंद होतो. स्क्रूच्या खाचेवर ओरखडा दिसला तर नशीब. यावर त्या मुलीनेच उपाय आणला: चमकी घातलेलं नेलपॉलिश. प्रत्येक स्क्रूवर एक थेंब, वाळल्यावर जवळून फोटो. त्या थेंबात चमकीचे कण जसे पडतात तसे पुन्हा कोणालाही पाडता येत नाहीत. स्क्रू फिरला की थेंब तडकतो, नवा लावला तर नक्षी फोटोशी जुळत नाही. आता प्रत्येक साध्या सेटचे चार फोटो आमच्याकडे आहेत: बोर्डाच्या दोन बाजू आणि दोन स्क्रू. प्रत्येक फोटोवर सेटचा अनुक्रमांक.

डिजिटल सेट मी उघडला नाही, आणि तुम्हीही उघडू नका. आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं राहिला तरी चालतो. हे सगळं कव्हरभोवतीच्या रबरी गॅस्केटवर अवलंबून असतं. एकदा उघडला की गॅस्केट नीट बसलंय का ते हवेच्या दाबाने तपासावं लागतं, आणि ती सोय अधिकृत दुरुस्ती केंद्रातच असते. ज्वलनशील वायूच्या जागी वापरायच्या सेटचं तर विचारूच नका. ते आयईसी ६००७९-११ या मानकाप्रमाणे ठिणगीला पुरेल इतकी ऊर्जा बाहेर पडू नये म्हणून बांधलेले असतात, घरी उघडलेला सेट तिथे वापरायचा नाही. या प्रकारच्या सेटचं जोडकाम मात्र देखणं आहे. कव्हरची फट चारही बाजूंनी सारखी, स्क्रू ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे, एका स्क्रूवर उचकटलं की फाटणारं सील.

सीलवर किती भरवसा ठेवायचा, याचं उत्तर लेबनॉनच्याच प्रकरणात आहे. तिथल्या फुटलेल्या सेटच्या फोटोंमध्ये आयकॉम या जपानी कंपनीच्या आयसी-व्ही८२ या मॉडेलचं नाव दिसत होतं. कंपनीने सांगितलं की हे मॉडेल २००४ ते ऑक्टोबर २०१४ या काळात बनत होतं, त्याच्या बॅटऱ्याही आता बनत नाहीत, आणि त्या सेटवर अस्सलपणाचा होलोग्राम नसल्यामुळे ते आपल्याकडून गेले होते की नाही हे ठरवता येत नाही. बनवणाऱ्यालाच सांगता येत नसेल तर हातात घेणाऱ्याने काय करायचं? निदान एवढं: उत्पादन बंद झालेलं मॉडेल कोणी कोरं म्हणून विकत असेल तर घेऊ नका.

आणि बॅटरी. स्फोटक बॅटरीच्या पॅकमध्येच होतं, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. साधी लिथियम-आयन बॅटरी बिघडली तर फुगते, धूर सोडते, पेटते. तेही वाईटच, पण तो प्रकार वेगळा. सेट उघडून बघता येतो. पॅक मात्र अल्ट्रासोनिक वेल्डिंगने कायमचा बंद केलेला असतो आणि तो फोडणं धोक्याचं असतं. आतल्या दोन सेलला सुई टोचली तरी आग लागू शकते. सेटमधली सगळ्यांत जड, ऊर्जेने भरलेली आणि सगळ्यांत जास्त वेळा बदलली जाणारी वस्तू नेमकी अशी, जिच्या आत आपण पाहू शकत नाही.

बाहेरून जे तपासता येतं ते तपासलं. डिजिटल सेटच्या पॅकला चार्जरसाठी तापमान सांगणारं एक टोक असतं, त्यामागे थर्मिस्टर असतो, म्हणजे गरम होईल तसा ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा भाग. मूळ पॅकवर मल्टिमीटर लावला, १० किलोओहमच्या आसपास आकडा आला. पॅक दोन्ही तळव्यांत धरून बसलो. पाच-सात मिनिटांत आकडा हळूहळू उतरू लागला: ९.६, ९.२, ८.९. पॅक गरम होतोय हे त्याला कळत होतं. मग एका विक्रेत्याकडून घेतलेला जादा पॅक तसाच धरला. तोच लोगो, तसंच लेबल. आकडा १०.०. दहा मिनिटांनीही १०.०. थर्मिस्टरच्या जागी साधा रेझिस्टर बसवून चार्जरला कायम "सगळं थंड आहे" असं सांगितलं जात होतं. वजन केलं तर मूळ पॅकपेक्षा ११ ग्रॅमने हलका. कडेची शिवण निरखली तर वेल्डिंगच नव्हतं, गोंद ओघळून वाळला होता. लेबलवर क्षमता २३०० एमएएच लिहिलेली, डिस्चार्ज करून मोजले तेव्हा १३१० भरले. हा पॅक पावसाळ्यात आठ तास माझ्या सहकाऱ्याच्या छातीवर होता, हे आठवलं की अजून झोप उडते.

या सगळ्या तपासणीने पॅकची पूर्ण खात्री पटते असं मी म्हणणार नाही. एक्स-रेनेही ती पूर्ण पटेलच असं नाही. पण वजन, शिवण, तापमानाचं टोक आणि भरलेली क्षमता, या चार गोष्टी मूळ पॅकशी जुळल्या तर नकली माल बराचसा गाळला जातो. यातलं पहिलं काम कंपन्याच आपल्यासाठी करू शकतात. पॅकचं नेमकं वजन आणि एक्स-रेचा एक फोटो माहितीपुस्तिकेत छापावा, एवढंच. गुप्त संभाषणाच्या महागड्या सेटमध्ये कव्हर उघडलं तर सांकेतिक चावी आपोआप पुसली जाईल, अशी सोय करता येते. गुपितासाठी इतकं डोकं चालतं, तर सेट कानाला लावणाऱ्या माणसासाठीही चालवावं.

घ्यायचे कोणते, असं विचाराल तर साधे सेट मी पुन्हा घेईन, कारण ते मला स्वतःला उघडून पाहता येतात. पाण्यातल्या कामाला डिजिटलच, पण पॅक फक्त सेटच्या अधिकृत वितरकाकडून, बिल आणि बॅचचा क्रमांक असलेला. तो गोंदाचा पॅक ई-कचऱ्यात दिला. उरलेल्या प्रत्येक पॅकच्या पाठीवर त्या मुलीने न पुसणाऱ्या पेनाने ग्रॅममधलं वजन आणि तारीख लिहिली आहे. सरावाला निघण्याआधी ती काटा घेऊन दारातच बसते, आणि वजन जुळल्याशिवाय सेट हातात देत नाही.