तिसरे लग्न आणि ७,०३,५०० रुपये

नोव्हेंबर २०२४ ते जून २०२५ या काळात ज्या माणसाने माझ्याकडून ७,०३,५०० रुपये काढून घेतले, त्याच्याशी माझे रीतसर, भटजींच्या समोर, सप्तपदीसह लग्न लागले होते. लग्नाच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांची पद्धत एव्हाना सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे ती मी नव्याने सांगत बसत नाही. माझ्या बाबतीत त्याने नेमकी कोणती दुखरी जागा हेरली, तेवढेच लिहिते, कारण ती जागा आपल्याकडच्या पुष्कळ बायकांच्या आयुष्यात असते.

माझे पहिले लग्न विसाव्या वर्षी झाले. विरारच्या चाळीत काही वर्षे दारूड्या नवऱ्याचा मार खाल्ल्यावर परस्परसंमतीने घटस्फोट घेतला आणि माहेरी, रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर, परत आले. दुसरे लग्न याच भागातील एका बागायतदाराशी झाले. तो माणूस अबोल, पण सरळ होता. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या पोफळी आणि माड आडवे झाले, त्याचा त्यांनी धसका घेतला आणि पुढच्याच वर्षी ते गेले. राहिलेली बाग, घर आणि आंबापोळी, कोकम आगळ, कुळीथ पीठ यांचा मी उभा केलेला छोटा धंदा एवढ्यावर माझे नीट चालले होते. मला कोणी पोसायला नको होते. संध्याकाळी ओटीवर बसून बोलायला माणूस हवे होते, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी तसे वाटणे हा गुन्हा आहे असे मला आजही वाटत नाही.

गावाला मात्र वाटते. महर्षी कर्व्यांचे मुरुड आमच्यापासून फार लांब नाही. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केले तेव्हा याच मुरुडने त्यांना वाळीत टाकले होते. आता त्यांच्या नावाने भाषणे होतात आणि भाषण संपवून घरी जाताना तीच मंडळी माझ्याविषयी “तिसऱ्यांदा?” असे एकमेकांना विचारतात. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला. लोकांच्या जिभेला तो अजून लागू झालेला दिसत नाही.

या जिभेचाच त्या माणसाने वापर करून घेतला. पुनर्विवाहाची स्थळे सुचवणाऱ्या एका मंडळाकडे मी नाव नोंदवले होते. त्याचे २,५०० रुपये वरील हिशेबात धरलेले नाहीत. मंडळाच्या काकांनी हे स्थळ “घरचेच समजा” असे म्हणून सुचवले. वय बावन्न, घटस्फोटित, मिरकरवाडा बंदरात दोन ट्रॉलर, स्वभाव मायाळू. स्वभावाबाबतची माहिती खरी निघाली, कारण मायाळूपणा हेच त्याचे भांडवल होते. पहिल्या भेटीतच त्याने माझ्या दिराची चौकशी केली. दीर तेव्हा मला ऐकवत असे की मी पुन्हा लग्न केले तर भावाची बाग माझ्या हातून जाईल. हे मी त्याला सांगितले, आणि त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक सल्ल्यात बागेची काळजी आली. लग्न गाजावाजा न करता, दुसऱ्या तालुक्यातील देवळात करावे. दादा-वहिनींना नंतर सांगावे. ग्रामपंचायतीत विवाहनोंदणी केली की गावभर होईल, म्हणून तीही सध्या नको.

वकिलांकडे मी गेले ती सर्व काही घडून गेल्यावर, आणि त्यांनी दोन मिनिटांत सांगितले की दिराचे म्हणणे निखालस खोटे होते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार पतीच्या निधनाबरोबरच पत्नीचा वारसाहक्क पक्का होतो, त्या मिळकतीची ती पूर्ण मालक असते आणि नंतर लग्न केले म्हणून तो हक्क जात नाही. ज्या भीतीपोटी मी सगळे लपवले, ती भीतीच निराधार होती. ज्या बायकांना सासरचे लोक हेच ऐकवत असतील त्यांनी आजच्या आज सातबारा काढून वकिलाला दाखवावा.

आता पैशांचा हिशेब. लग्नाआधी, नोव्हेंबरमध्ये, पहिल्या बायकोला द्यायच्या पोटगीचा शेवटचा हप्ता म्हणून ६८,५०० रुपये रोख. त्याने घटस्फोटाच्या निकालाची झेरॉक्स दाखवली होती, प्लास्टिकच्या पाकिटात नीट घातलेली, आणि मी ती वाचलीही होती, त्यामुळे मी डोळे मिटून पैसे दिले असे कोणी म्हणू नये. डिसेंबरमध्ये लग्न झाले. फेब्रुवारीत पर्यटकांसाठी परसात दोन खोल्या बांधायच्या म्हणून पतसंस्थेतून माझ्या नावावर ३,००,००० रुपयांचे कर्ज घेतले आणि ठेकेदाराचे म्हणून सांगितलेल्या खात्यावर भरले. ते खाते त्याचेच होते. एप्रिलमध्ये माझ्या दुसऱ्या यजमानांनी केलेल्या तीन तोळ्यांच्या पाटल्या गहाण ठेवून २,१०,००० रुपये. आणि जूनमध्ये १,२५,००० रुपये.

हे शेवटचे सव्वा लाख माझ्या जिवाला सर्वांत जास्त लागले आहेत. जूनचा दुसरा आठवडा होता. सुकी मासळी घ्यायला मी बंदरावर गेले होते आणि पाऊस आला म्हणून लिलावाच्या शेडखाली थांबले होते, तेवढ्यात त्याचा फोन आला. त्याने आधी माझ्या खोकल्याची चौकशी केली, मग शेवटच्या आंबापोळ्यांना ऊन पुरले का ते विचारले, आणि त्यानंतर सांगितले की ट्रॉलर वसईच्या पुढे खोल समुद्रात आहे, जाळे फाटले आहे, डिझेल संपत आले आहे आणि तांडेलाच्या, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाच्या, खात्यावर आजच पैसे टाकले नाहीत तर खलाशी काम सोडतील. माझ्यासमोर, चार पावलांवर, किनाऱ्याला ओढून घेतलेल्या नौका ओळीने उभ्या होत्या. त्यांच्यावर झापे आणि निळी ताडपत्री घालून काथ्याच्या दोऱ्यांनी आवळलेली होती आणि जवळच्या नौकेच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पांढऱ्या रंगातला नोंदणी क्रमांक पावसाने धुऊन लख्ख दिसत होता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नारळी पुनवेला सोन्याचा नारळ वाहिल्याशिवाय आमचे कोळी दर्यात उतरायला राजी नसतात. हे इथल्या शाळकरी पोरालाही कळते. आणि मी त्या झाकलेल्या नौकांकडे पाहत पाहत “किती पाठवू?” असे विचारले.

बागायतदाराच्या घरातील बाईला मासेमारीचे वेळापत्रक तोंडपाठ असायलाच हवे असे नाही, हे एक. दुसरे असे की खोकल्याची चौकशी करणारे माणूस मला चार वर्षांनी मिळाले होते. आणि तिसरे, ज्या बँकेत जाऊन मी त्याच दुपारी एनईएफटीचा अर्ज भरला, तिथल्या कर्मचाऱ्याने कारणाच्या रकान्यात “बोटीचे डिझेल” असे माझ्यादेखत वाचले. तो तर बंदरावरच राहणारा होता. त्यालाही प्रश्न पडला नाही, मग सगळा बोल एकटीच्या माथी का?

त्याने पाठवलेले ट्रॉलरचे फोटो मी नंतर पुन्हा उघडून पाहिले. एकूण एक फोटोत क्रमांकाची जागा एकतर कापलेली आहे किंवा तिच्यावर जाळे टाकलेले आहे. नौकामालक म्हणवणारे स्थळ आले तर आधी नौकेचा क्रमांक मागा आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे मालक कोण ते विचारा. लाजू नका.

गणपतीच्या आधी देवगडच्या बाजूने एका बाईचा फोन आला. अतिशय आदराने त्या म्हणाल्या, “ताई, आमच्या ह्यांचा आंब्याचा धंदा तुमच्याबरोबर भागीत आहे ना? मुलीच्या ॲडमिशनचे पैसे अडकलेत, तेवढे तुमच्याकडून मिळतील का?” घटस्फोट झालेला नव्हता. तसा दावाच कोणत्या न्यायालयात कधी दाखल झालेला नव्हता. ज्या पोटगीसाठी मी ६८,५०० रुपये मोजले तिच्यातला एक रुपया त्या बाईंना मिळाला नव्हता. त्या फोनवर रडल्या, मी रडले नाही, आणि त्यानंतर त्यांनी साक्ष द्यायला नकार दिला, कारण मुलीचे लग्न व्हायचे आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. घटस्फोटाचा निकाल दाखवला तर न्यायालयाची प्रमाणित नक्कल मागा आणि खटल्याचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर घालून पाहा. झेरॉक्स कितीही चकचकीत असो, ती झेरॉक्सच.

यानंतर सुरू झाला तो सरकारी दारांचा फेरा, आणि त्याबद्दल मला जेवढे बोलायचे आहे तेवढे त्या माणसाबद्दलही नाही. त्याने निदान गोड बोलून लुटले. आमच्या भागातील पोलीस ठाण्यात मी कागदांची फाइल घेऊन गेले तेव्हा ठाणे अंमलदारांनी ती उघडण्याआधी विचारले, “तिसरे ना हे?” मी हो म्हटल्यावर शेजारच्याकडे पाहून ते हसले आणि म्हणाले, “मग चौथ्याच्या वेळी चौकशी नीट करा.” त्यानंतर हे नवरा-बायकोचे घरगुती प्रकरण झाले, थोड्या वेळाने दिवाणी झाले, आणि लग्न दुसऱ्या तालुक्यात लागले म्हटल्यावर हद्दीबाहेरचे झाले. त्या दुसऱ्या तालुक्यात सांगितले की पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडेच जा. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवरील मुलीने सौजन्याने ऐकून घेतले, पण पैसे गेल्यावर लगेच कळवले असते तरच खाते गोठवता आले असते, असे सांगून तिने तक्रार क्रमांक दिला. मंडळाच्या काकांनी “आम्ही फक्त स्थळे सुचवतो” असे लिहिलेल्या नियमावर बोट ठेवले. पतसंस्थेने तर कमालच केली. कर्ज देताना दोन जामीनदार, सातबारा आणि माझ्या धंद्याचे तीन वर्षांचे हिशेब मागणाऱ्या संस्थेने, पैसे ठेकेदाराऐवजी भलत्याच्याच खात्यात कसे गेले हे विचारल्यावर, दरमहा ९,९६४ रुपयांचा हप्ता चुकवू नका, एवढेच लेखी कळवले.

पोलीस जे सांगतात त्यातले अर्धेच खरे असते, म्हणून कायद्याची माहिती स्वतः घेऊन जावी. जोडीदार हयात असताना दुसरे लग्न करण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये आहे. आधीचे लग्न लपवले असेल तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. हा गुन्हा अदखलपात्र आहे आणि त्यासाठी न्यायालयातच तक्रार करावी लागते, एवढे त्यांचे बरोबर. पण “ती तक्रार फक्त पहिली बायकोच करू शकते” असे मला बजावण्यात आले ते चूक आहे. फसवल्या गेलेल्या दुसऱ्या स्त्रीलाही ती करता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निर्णय आहे. शिवाय कलम ३१८(४) ची फसवणूक दखलपात्र आहे आणि तिचा एफआयआर नोंदवायला ठाणे बांधील आहे. हद्दीचे कारण सांगितले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा एफआयआर, मागा. तरीही नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवा, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. तोंडी बोलणे कोणीच मान्य करत नाही, पोचपावती मान्य करावी लागते.

असे लग्न कायद्याने मुळातच रद्दबातल असते, म्हणून “तुम्ही बायकोच नाही, तुम्हाला हक्क कसला” असेही मला ऐकवले गेले. पहिले लग्न लपवून ज्या स्त्रीशी लग्न केले तिला पोटगी नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात म्हटलेले आहे. मला त्याची पोटगी नको. माझ्या पाटल्या हव्यात.

आणखी दोन गोष्टी. विवाहमंडळांची आणि विवाहांची नोंदणी या दोन्हींसाठी महाराष्ट्रात १९९८ चा एकच अधिनियम आहे, तेव्हा स्थळ सुचवणाऱ्या मंडळाकडे आधी त्याचे नोंदणी प्रमाणपत्र मागा, आणि जो पुरुष नोंदणी टाळतो त्याच्यासमोर हार हातात धरून उभ्या राहू नका. मला फसवणाऱ्या त्या माणसाने दोनदा बागेचे बक्षीसपत्र करण्याचा विषय काढला होता आणि दोन्ही वेळा मी त्याला वाटेला लावले. त्यामुळे “सगळे देऊन बसली” अशी गावात चाललेली चर्चा खोटी आहे. बाग माझ्या नावावर आहे आणि यंदा तिथे नव्या पोफळी लावल्या आहेत.

पोलीस अधीक्षकांकडे तक्रार रजिस्टर्ड पोस्टाने गेली आहे, पोचपावती आली आहे, उत्तर आलेले नाही. तो माणूस सध्या वेगळ्या मोबाइल क्रमांकावरून बोलतो आणि, मंडळाच्या दुसऱ्या एका सभासद बाईंकडून कळले त्यानुसार, आता ट्रॉलरऐवजी काजूच्या कारखान्याची गोष्ट सांगतो. वय बावन्न सांगेल, पहिल्या भेटीत तुमच्या सासरच्या मिळकतीची आस्थेने चौकशी करेल आणि बोलणी गुप्त ठेवायला सांगेल. असे स्थळ कोणाकडे आले असेल किंवा आधीच पैसे गेले असतील, तर त्या बाईने आपल्या जवळच्या ठाण्यात लेखी तक्रार करावी, मग ते तिचे कितवे लग्न का असेना. एकटीच्या कागदाला ते घरगुती प्रकरण म्हणतात, दुसरीचा कागद आला की तसे म्हणणे त्यांना अवघड जाईल.