मुरबाड-कर्जतची शेती: राखणदार की कॅमेरा?

मुंबईत राहून कर्जत, मुरबाड, शहापूरकडे जमीन घेतलेल्यांपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. शेतातला चोर दागिने शोधत नाही. तो विहिरीवरची मोटार उचलतो, केबल कापतो, वरचं आवरण जाळतो आणि तांबं भंगारात घालतो.

सोलरवर चालणारा, सिमकार्डाचा कॅमेरा एकदा बसवला की महिन्याला फक्त डेटाचा खर्च. मात्र जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत, बॅटरी उतरते. गवत वाऱ्यानं हललं तरी फोन वाजतो आणि माणूस कंटाळून सूचनाच बंद करून टाकतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे रात्री दोनला दादरला फोन वाजला, तर विहिरीवर जाणार कोण? ११२ ला फोन करता येतो, पण चौकी लांब असली तर तेवढ्यात मोटार गेलेली असते.

राखणदाराचं कुटुंब महाग पडतं. पगार दर महिन्याला, शिवाय पक्की खोली, संडास, पाणी आणि वीज. पण रात्री दिवा दिसतो, कुत्रा भुंकतो, कोण अनोळखी फिरतंय हे गावात कळतं. माझं मत स्पष्ट आहे: जमिनीवर विहीर, मोटार, कलमं असतील तर आधी माणूस. पगार थकवणाऱ्यानं मात्र राखणीची अपेक्षा ठेवू नये. गणपती-शिमग्याला राखणदार आपल्या गावी जाणारच, आणि हे चोरालाही ठाऊक असतं. कॅमेऱ्याची खरी गरज त्या दिवसांत, तोही फाटकापेक्षा मोटारीवर रोखलेला. मोकळी, पडीक जमीन असेल तर नुसता कॅमेरा पुरे.

रानडुकरांसाठी झटका मशीन, म्हणजे कुंपणाला क्षणभराचा, जीव न घेणारा झटका देणारं यंत्र, चालतं. कुंपणात थेट वीज सोडणं गुन्हा आहे आणि त्यात माणसं मेली आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीलाही बंदी आहे, तेव्हा कुंपणाखाली फासे दिसले तर वनखात्याला कळवा.

चोरी झालीच, तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार मुंबईतल्या ठाण्यातही गुन्हा नोंदवता येतो. तो पुढे हद्दीतल्या ठाण्याकडे जातो. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत सही करावी लागते. त्यासाठी मोटारीवरच्या सिरीयल नंबरचा फोटो आजच काढून ठेवा, आणि पोलीस पाटलांचा नंबर राखणदाराच्याही फोनमध्ये असू द्या.